घरच्यासारखं हॉटेल

लोक काश्मीरला जातात, युरोपला जातात आणि परत आल्यावर त्यावर लिहितात. मी केदारखेड्याहून जालन्याला गेले होते. एसटीनं जेमतेम तास-सव्वा तासाचा रस्ता. एवढ्याशा प्रवासाचं काय वर्णन करायचं, असं आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी मला तोंडावर विचारलं. पण ज्या ठिकाणी जायला म्हणून मी घरातून निघाले, तिथं मी पुरती पोचलेच नाही. आणखी एखादी बाई तशी निघायच्या बेतात असेल तर तिला हे आधी कळावं, म्हणून लिहिते आहे. त्या हॉटेलाचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांची फुकट जाहिरात माझ्याकडून एकदा झाली आहे, तेवढी पुरे.

केदारखेडा

दोन हजार पाच-सहाचा हिवाळा असेल. मी आमच्याच गावच्या शाळेत शिकवते, हे शेती बघतात. मुलीचं लग्न झालेलं, मुलगा औरंगाबादला होस्टेलवर, सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलेलं. म्हणजे घराला कुलूप घालून बाहेर पडता येईल अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

तोवर आम्ही प्रवास केलाच नाही असं नाही. देवधर्म झाला, भाच्यांची लग्नं झाली, पुतण्यांची बारशी झाली. पण जाऊ तिथं उतरायचं नातेवाइकांकडे, आणि पायांवर पाणी घेतलं की मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. हे बाहेर पंख्याखाली बसून चहा पिणार, मी आत कणीक तिंबणार. पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं बसून राहायचं नसतं. बसली तर त्याची चर्चा पुढची दोन लग्नं पुरते. कुणाच्या घरी तिखटाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यांच्या गावात बघण्यासारखं काय आहे ते विचारू नका.

मला दोन दिवस अशा जागी राहायचं होतं जिथं माझ्या हातात कुणी परात देणार नाही. समुद्र नको होता, बर्फ नको होता. एवढंच हवं होतं.

दिवाळीची भांडी घासताना मी ह्यांना हे सांगितलं. ह्यांनी लगेच होकार दिला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

"मंग जाऊ की," हे म्हणाले. "जालन्याला सुदामकडं जाऊ. त्यो कवापासून बोलावून राह्यला."

सुदाम म्हणजे माझे धाकटे दीर.

"सुदामभाऊजींकडं नाही," मी म्हटलं. "हॉटेलात."

हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी डोक्यावरचे केस उतरवून यायचं म्हणाले होते.

हॉटेल निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मुलांची सहल काढताना सतरा गोष्टी बघायची सवय असल्यामुळे मी तेही तसंच केलं. पहिलं हॉटेल औरंगाबादचं, काचेचं, लिफ्टवालं. पण त्याच्या मागच्या गल्लीत माझी नणंद राहते. ते तिथंच बाद झालं. दुसरं ह्यांनी सुचवलं, जालन्यात स्टेशनकडचं लॉज, जिथं सरकी विकायला गेलेली ह्यांची ओळखीची माणसं मुक्काम करतात. "बराबर जागा हाय, खर्चा बी कमी," असं ह्यांचं म्हणणं. त्या माणसांच्या बायकांना मी विचारलं, तर त्या लॉजवर कधी कुणाची बायको गेलीच नव्हती.

तिसरं मला रविवारच्या पुरवणीत सापडलं. बुटिक हॉटेल, असं लिहिलं होतं. बुटिक म्हणजे ब्लाऊज शिवून देणारं दुकान एवढंच मला ठाऊक. पण चित्र बघितलं आणि मी पुढचं काही वाचलं नाही. एक पांढराशुभ्र पलंग, त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीत बोगनवेल. पलंगावर कुणी नाही. चादरीला एक सुरकुती नाही. चित्राखाली लिहिलेलं होतं, 'घरापासून दूर, अगदी घरच्यासारखं.' अक्षर वळणदार होतं, मला आवडलं होतं. पुढं मला त्या ओळीची इतकी चीड येईल असं तेव्हा वाटलं नाही.

टपरीवरच्या नाण्याच्या फोनवरून मी तिथं फोन लावला आणि विचारलं, "स्वयंपाकाचं कसं असतं तुमच्याकडं?"

पलीकडच्या पोराला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे मॅडम, स्वयंपाक आम्ही करतो, तुम्ही जेवायचं," तो म्हणाला.

मी तिथल्या तिथं खोली ठरवली. दोन रात्री.

गावात आम्ही सांगितलं की मला दवाखान्यात दाखवायला चाललो आहोत. आमच्याकडे बाईनं दवाखान्याचं नाव काढलं की पुढं कुणी विचारत नाही. सुखासाठी चाललो म्हटलं असतं तर पारावर आठवडाभर विषय पुरला असता. निघायच्या दिवशी पहाटे उठून गड्यासाठी भाकरी थापल्या, ठेचा वाटला, फडक्यात बांधून ठेवला आणि मग मी नवी साडी नेसले. म्हैस शेजारणीच्या हवाली केली. ती म्हणाली, "जा बाई, घाबरू नका, काई न्हाई निघायचं."

रस्त्यानं

रस्त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. पूर्णेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा गोटेच जास्त होते. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बायका कमरेच्या ओट्यात कापूस भरत वाकलेल्या, आणि मी खिडकीत बसून त्यांच्याकडे बघत होते. मला थोडं चोरट्यासारखं वाटलं आणि त्याचाही राग आला. राजूरला गाडी थांबली तेव्हा गणपतीला गाडीतूनच हात जोडले. मागितलं काय, तर कुणी ओळखीचं भेटू नये.

जालन्याच्या स्टँडवर उतरलो आणि पहिला माणूस भेटला तो ओळखीचा. आमच्या शेजारच्या गावचा नामदेव, हातात खताच्या रिकाम्या पोत्यांची गठडी.

"काय पाटील, कवा आल्ता?" त्यानं विचारलं. आणि लगेच पुढचा प्रश्न, जो आमच्या मुलखात पाणी विचारायच्या आधी विचारतात. "कुठं उतरले?"

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. पण ह्यांना खोटं बोलता येत नाही. गावात दवाखान्याचं सांगितलं तेही मीच. हे आधी नामदेवाकडे, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे बघत राहिले आणि शेवटी हॉटेलाचं नाव सांगून मोकळे झाले.

नामदेव "बरं बरं," एवढंच बोलला आणि पोती खांद्यावर टाकली. त्या दुसऱ्या 'बरं'मध्येच मला सगळं कळायला हवं होतं.

करडई

हॉटेल अंबडच्या रस्त्याला, शहर संपतं तिथं. कुणा बियाणेवाल्यानं बांधलेलं. दारातच एक बैलगाडी, रंग दिलेली, बैलांशिवाय. उखळात बोगनवेल लावलेली. भिंतींवर सुपं टांगलेली आणि त्यांवर चित्रं काढलेली. कंदिलांत विजेचे दिवे. खोल्यांना आकडे नव्हते, नावं होती. बाजरी, अंबाडी, हुलगा. आम्हाला वरच्या मजल्यावरची करडई मिळाली.

खोलीत पलंगाच्या वर भिंतीवर पेरणीची एक तिफण बसवली होती. हे दारातच थांबले. "आगं, हिचा एक फण उलटा बसवलाय," हे म्हणाले, आणि दोन दिवस त्यांना त्या फणाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. खालून पाना मागवू का, असं मला दोनदा विचारून झालं. जे ह्यांनी आयुष्यभर वावरात चालवलं ते कुणीतरी शोभा म्हणून झोपायच्या खोलीत का लावावं, हे त्यांना समजेना. मला समजत होतं, पण मला वाद घालायचा नव्हता. मी पलंग बघत होते.

पलंग चित्रातल्यासारखाच होता. हे मी मान्य करते. मी हात धुऊन, कोरडे करून मग त्यावर बसले. खिडकी उघडली, बोगनवेल होती. मग खाली बघितलं आणि खिडकी परत लावली.

खाली अंगणात चूल होती. सारवलेली, वर गवताचं छप्पर, शेजारी पाटी, 'चुलीवरचं जेवण'. आणि चुलीपुढं हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली एक बाई परातीत पीठ मळत होती. चूल सोडून मी जिथं आले होते तिथं पाहुण्यांना बघायला म्हणून चूलच मांडून ठेवली होती. मला हसू आलं नाही. मुंबई-पुण्याच्या माणसांना त्याचं अप्रूप असेल. त्यांच्या डोळ्यांत तो धूर गेलेला नसतो.

पण ती संध्याकाळ माझी होती, ती कुणाला देणार नाही. बसल्या जागी चहा आला. किटलीत पाणी वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी, तिन्ही कोमट. तरी मी तो सगळा प्यायले. हे न्हाणीघरात गेले, कुठली तरी चावी फिरवली आणि डोक्यावरून शॉवर आल्यावर टोपीसकट भिजून बाहेर आले. आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या अंबाडीतून कुणीतरी भिंत वाजवली. रात्रीचं जेवण मी खोलीतच मागवलं. भाकरी नको म्हणून सांगितलं, भात मागवला. ताट आलं, मी जेवले, आणि ताट बाहेर ठेवलं. परत आत घेऊन घासायला नको, हे मनाला पटायला जरा वेळच लागला.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलेलं होतं. माझ्या आठवणीत तसं ऊन मी अंथरुणात असताना कधी आलं नव्हतं. आजारपणातसुद्धा नाही.

मोती तलाव आणि परत

शहर बघायचं ठरलं होतं, बघितलं. मोती तलावाच्या काठानं फिरलो. सिंधी बाजारात दुकानं बघितली. मला एक पुस्तक घ्यायचं होतं, ते घेतलं, रात्री त्या पलंगावर वाचायला म्हणून. मोठ्या शहरातल्या लोकांना जालन्यात काय बघायचं असं वाटेल. कारखान्यांचा धूर, सळयांचे ट्रक, बियाण्यांच्या पाट्या. पण ज्या शहरात मी बावीस वर्षं फक्त सुदामभाऊजींचं स्वयंपाकघर बघितलं होतं, त्याला रस्ते आहेत, तळं आहे, संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

ह्यांचं मात्र लक्ष नव्हतं. समोरून कुणी टोपीवाला आला की हे दुकानाकडे तोंड करायचे. भेळ खाताना म्हणाले, "सुदामला एक फोन करावा का?"

"उद्या जाताना," मी म्हटलं.

"त्याला बाहेरून कळलं तर बरं न्हाई दिसणार."

"उद्या," मी परत म्हटलं. ह्यांनी भेळ अर्धी टाकली.

ह्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे गावात आपलं माणूस असताना दुसरीकडे उतरणं म्हणजे त्या माणसाशी भांडण झालं, असा सरळ अर्थ होतो. मला तो अर्थ माहीत होता. पण उतरलेल्या घरात राबायचं कुणी, हे त्या अर्थात कुठंच नसतं.

अंगण

दिवेलागणीला हॉटेलवर परत आलो. हे खाली पाना मागायला थांबले, मी वर गेले, पाय धुतले, टेबलावरचा दिवा लावला आणि पुस्तक उघडलं. दोन पानं झाली असतील नसतील, खालून ह्यांची हाक आली. "आगं, खाली ये. तात्या आलेत."

तात्या म्हणजे ह्यांचे चुलते. सासरे गेल्यावर ह्या दोघा भावांना त्यांनीच वाढवलं. मी डोक्यावर पदर घेतला आणि उतरले. अंगणातल्या बाकावर तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. बाजूला सुदामभाऊजी, माझी जाऊ मंगल आणि तिची पोरं. मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही.

"सुदाम मेला का रे?" तात्यांनी ह्यांना विचारलं. सुदामभाऊजी शेजारीच उभे होते. "न्हाई, सांग ना. सुदामचं घर जळालं? सुदामनं तुला हाकललं? मंग आपलं घर असून हाटेलात का? नामदेव माझ्या तोंडावर इचारतो, पाटील, भावाभावांचं वाटून राह्यलं का?"

"तसं न्हाई तात्या," हे म्हणाले. पुढचं हे सांगणार तरी कुठून? कारण माझं होतं.

सुदामभाऊजी नुसते म्हणाले, "दादा, मला कळवायचं तरी," आणि त्यांचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं. त्या सगळ्या प्रकारात मला वाईट वाटलं ते तेवढ्याचंच.

बायकांनी बाजूला व्हावं म्हणून मंगल मला म्हणाली, "ताई, खोली तर दाखवा." मी तिला वर नेलं. दार लावल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. तिनं चादरीवरून हात फिरवला, मग पलंगावर टेकली, मग हलकेच दाबून बघितलं.

"कसलं मऊ हाय हो," ती म्हणाली. "आणि चहा?"

"वर आणून देतात."

"उठायचं बी न्हाई?"

"नाही."

तिनं उशी उचलून मांडीवर घेतली. "बरं केलं तुम्ही," ती एकदम म्हणाली. "माझं आईका, ताई. अजिबात घरी येऊ नका. म्या खाली हेच म्हणते." आणि उठली. मला त्या क्षणी ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली. निघताना मी दिवा तसाच चालू ठेवला. पुस्तक पलंगावर उघडं पालथं घातलं. लगेच तर परत यायचं होतं.

खाली हे तात्यांना जेवायचा आग्रह करत होते. राग घालवायचा आम्हाला एकच उपाय माहीत आहे, जेवायला घालणे. तात्या ऐकेनात. ते हॉटेलाचं पाणीसुद्धा पीत नाहीत. हॉटेलचा व्यवस्थापक, पुण्याकडचा गोड बोलणारा तरुण, मध्ये पडला. "आजोबा, हॉटेलचं नाही, चुलीवरचं आहे, अगदी घरच्यासारखं." त्यानं गरम भाकरी आणि पिठलं आणून समोर ठेवलं. तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला, आणि ताट बोटानं पुढं सरकवलं.

"ही भाकर का?" ते म्हणाले. "मला माझ्या सुनांच्या हातची सवय."

मग जे झालं ते ह्यांच्या तोंडून झालं. मी ह्यांच्याकडे बघत होते, त्यामुळे ते येताना मला दिसलं. तात्यांचा राग, भावाचे डोळे, नामदेवाची पोती, सगळ्यातून एकदम वाट सापडल्यावर माणसाचा चेहरा जसा सुटतो तसा ह्यांचा सुटला.

"मंग हिच्या हातची खा ना तात्या," हे म्हणाले. "चूल तर इथंच हाय. ही आत्ता जल्दी टाकून देती दोन भाकरी. काय गं?"

शेवटचे दोन शब्द त्यांनी विचारले की सांगितले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. व्यवस्थापक तर टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला. "वा, मॅडम स्वतः!" मी मंगलकडे बघितलं. मंगल पोराचं नाक पुसत होती. पोराचं नाक काही वाहत नव्हतं.

मी नाही म्हणाले नाही. वर्गात साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, चुलीपुढं जाऊन बसले. मला राग आला होता, आणि त्या रागातच मी हात परातीत घातले.

चुलीपुढची बाई बाजूला सरकली. तिचं नाव गयाबाई, अंतरवालीकडची. ते हिरवं नऊवारी हॉटेलानं दिलेलं, घरी जाताना ती ते सोडून स्वतःचं पातळ नेसून जाते. मी पीठ ओढलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "तुम्ही इथं पाहुण्या आल्ता ना?"

"हो."

"मंग पाहुणीनं बसावं की."

मी भाकरी थापायला घेतली. ती चुलीत काडी सारत म्हणाली, "मला तर पगार भेटतो ह्याचा, ताई. तुम्हाला काय भेटतं?"

तिला टोचायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तव्यावर भाकरी टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

दोन भाकरी तात्यांच्या, मग सुदामभाऊजींच्या, मग मंगलच्या पोरांच्या. "ताईच्या हातच्या म्हटल्यावर म्या बी एक खाते," मंगल म्हणाली. मग अंबाडीतल्या पुण्याच्या मंडळींनी विचारलं, आम्हालाही मिळेल का. व्यवस्थापक माझ्याकडे न बघताच हो म्हणाला. हे सगळ्यांना सांगत होते, "बाई मास्तरीण हाय, पण भाकर बघा." हे अभिमानानं सांगत होते. तेच मला सहन झालं नाही. कुणी जुलूम करत असतं तर मी परात उलटी केली असती. सगळे कौतुक करत होते.

पुण्याच्या एका बाईंनी कॅमेरा काढला. "पदर असाच राहू द्या हं," त्या म्हणाल्या, "फार छान दिसतंय." पदर तात्या आल्यापासून डोक्यावरच होता. धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही त्यांना छान दिसलं असावं. व्यवस्थापकानंही त्याच्या कॅमेऱ्यानं दोन-तीन फोटो काढले.

तात्यांनी हात धुतले, मिशा पुसल्या. "आता कशी भाकर," ते म्हणाले. मग काठी टेकून उठले. "चला, सामान घ्या. घरी चला."

"तात्या, एक रात्र राह्यली हाय फक्त," मी म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांच्यापुढं बोललेलं माझं तेवढं एकच वाक्य.

"म्हणून तर," तात्या म्हणाले. "एक रात्र तरी घरात झोपा."

ह्यांनी मान हलवली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आवर. म्हातारं माणूस हाय."

मी वर गेले. दार आतून लावलं. पिशवी भरायला दोन मिनिटं पुरली असती. मी पिशवी भरली नाही. मी त्या पलंगावर आडवी झाले, धुराच्या साडीसकट, पिठाच्या हातांसकट. उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडून झाल्यावरही उठले नाही. खाली सुदामभाऊजींच्या जीपचा भोंगा वाजला, परत वाजला. हे दार वाजवून गेले. उठले तेव्हा त्या पांढऱ्या चादरीवर माझ्या दोन्ही हातांची बाजरीच्या पिठाची बोटं उमटली होती, दहाच्या दहा. मी ती झटकली नाही. तसंच ठेवून कुलूप लावलं.

रात्र सुदामभाऊजींकडे काढली. सकाळी ऊन निघायच्या आधी मंगल आणि मी स्वयंपाकघरात होतो. तिनं मला तिखटाचा डबा दिला.

परत केदारखेडा

शेजारणीनं म्हशीचं दूध आणून दिलं आणि विचारलं, "काय म्हणले डाक्टर?" मी म्हटलं, काही नाही निघालं.

हे मात्र खूश होते. कुणी दुखावलं नाही, तात्या हसत निरोप घेऊन गेले, बायकोची हौस झाली. "पुढच्या वर्षी परत जाऊ," असं हे दोन-तीनदा म्हणाले. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "मला फार वाईट वाटलं तिथं. मी स्वयंपाक करायला गेले नव्हते." ह्यांना खरोखर नवल वाटलं. "आगं, पण किती नाव काढलं सगळ्यांनी!" हे म्हणाले. मग मी तो विषय सोडला. तो माझ्यातून गेलेला नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी सातवीतली एक मुलगी वर्गात रविवारची पुरवणी घेऊन आली. "बाई, तुम्ही पेपरात!" सगळा वर्ग बाकावर चढला. तीच जाहिरात, तेच वळणदार अक्षर, 'घरापासून दूर, अगदी घरच्यासारखं.' पांढरा पलंग काढून टाकला होता. त्याच्या जागी मी होते, चुलीपुढं वाकलेली, पदर डोक्यावर, हातावर भाकरी. मला कुणी विचारलं नव्हतं. नाव दिलं नव्हतं, ते एक बरं.

ह्यांनी दुकानातून आणखी दोन पेपर आणले. एक कापून भोकरदनला नेऊन चौकटीत बसवला आणि बैठकीत लावला, आल्यागेल्याला समोर दिसेल असा. कुणी विचारलं की सांगतात, "आम्ही गेल्तो ना, तिथलं हाय हे." त्या सहलीचा आमच्याकडे दुसरा फोटो नाही.

मी तो बघत नाही. झाडताना समोर येतो तेव्हा दिसतो. माझ्या खांद्याच्या मागं, वरच्या मजल्यावर, एक खिडकी आहे. बाकी सगळ्या अंधारात आहेत, त्या एकीत दिवा आहे. ती करडई. तो दिवा मी लावून ठेवला होता, दोन पानं वाचून झाली होती, आणि लगेच परत यायचं होतं.